फुकटाचा पत्ता

विकतची वस्तू निवडायला फारसा वेळ लागत नाही. खिशात हात घातला की निम्मे पर्याय आपोआप गळतात. फुकटच्या वस्तूंचं तसं नसतं. तिथे सगळंच परवडतं, त्यामुळे काहीच सोडवत नाही. फुकट ईमेल सेवांची तुलना करायला बसलेला माणूस म्हणूनच सहसा उठत नाही.

मला बसवलं ते एका लाल पट्टीने. इनबॉक्स उघडला की ती वर दिसायची : ‘तुमची जागा संपत आली आहे. लवकरच तुम्हाला मेल येणं बंद होईल.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही धमकी न वाटता आशीर्वादच वाटला. पण भाचा म्हणाला, “मामा, बँकेचे मेलही येणार नाहीत.” मला त्यातही काही वाईट दिसेना. “आणि विजेचं बिलही नाही येणार,” असं तो म्हणाला, तेव्हा मात्र परिणाम डोळ्यांसमोर आले. किंवा अंधारात येणार नाहीत, हे लक्षात आलं.

“सोपं आहे,” भाचा म्हणाला. “एवढ्या सेवा फुकट आहेत. तुलना करा, जी बरी वाटेल ती घ्या.” त्याने मला एक्सेलमध्ये रकाने आखून दिले : जागा, अटॅचमेंट, जाहिराती, गोपनीयता, इतर सोयी. एवढं करून तो निघून गेला. सल्ला देणाऱ्या माणसाची निघून जाण्याची वेळ नेहमी अचूक असते.

जागेचा रकाना आधी घेतला. त्यात नुसते आकडे भरायचे, म्हणजे तो लवकर उरकेल असा हिशेब. आता या आकड्यांचं आमच्या पिढीला काय कौतुक आहे ते भाच्याला समजणार नाही. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, तेव्हा माणशी जागा मिळायची २ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावेलच असं नाही. पण त्या २ एमबीत माणूस सुसंस्कृत राहायचा. मेल वाचायचा, उत्तर द्यायचं, पुसून टाकायचा. कोणी हौसेने लग्नाचे फोटो पाठवले की पेटी तुंबायची, मागून येणारे मेल आल्या पावली परत जायचे आणि फोटो पाठवणाऱ्याचं नाव पुढे बरेच दिवस चार लोकांत निघायचं.

मग १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केलं. याहू ४ एमबी देत असताना यांनी १ जीबी दिली, म्हणजे जवळजवळ अडीचशे पट. तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हती, पण सगळ्यांना मिळणारही नव्हती. आत असलेल्या कोणीतरी आमंत्रण धाडलं तरच प्रवेश. ही आमंत्रणं लिलावाच्या साइटवर विकली गेली. फुकट गोष्ट पैसे देऊन मिळवण्यात जी प्रतिष्ठा आहे ती विकतच्या गोष्टीत नाही. २००७ मध्ये दारं सगळ्यांना खुली झाली आणि प्रतिष्ठा संपली, पण एक खोड मागे राहिली. आता काही पुसायची गरजच उरली नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. इतकं की पुसायचं वेगळं बटणसुद्धा पहिल्या काळात दिलं नव्हतं, यादी उघडून शोधावं लागायचं. त्या एका आश्वासनाने आमच्या पिढीचं वळण कायमचं बिघडलं.

आजचे आकडे भरायला घेतले, तर एकही धड सापडेना. जीमेलचे १५ जीबी. पण त्यातच गूगल ड्राइव्ह आणि गूगलवर ठेवलेले फोटोही येतात. आउटलुकचेही मेलसाठी १५ जीबी. पण मेलला जोडलेल्या फायली मायक्रोसॉफ्टच्या ५ जीबीच्या दुसऱ्या हिशेबातही धरल्या जातात. ॲपलच्या आयक्लाउडचे ५ जीबी, त्यात फोनचा बॅकअपही. याहूने २०१३ मध्ये १ टीबी, म्हणजे हजार जीबी, फुकट देऊन सगळ्यांची तोंडं बंद केली होती. २०२५ मध्ये ते २० जीबीवर आले. कोणी कधी भरूच शकणार नाही अशी जागा देणं सोपं असतं. लोक खरोखर भरायला लागले की दात्याचा हात थरथरतो.

जागा नेमकी कशाने भरली, याचा शोध मी घेतला. कारण होते माझे काका. काका रोज सकाळी एक सुविचार पाठवतात. मजकूर एका ओळीचा, मागे सूर्योदय. ओळीचं वजन काही बाइट, सूर्योदयाचं तीन एमबी. हल्ली सगळे असलं काही व्हॉट्सॲपवर पाठवतात हे काकांना माहीत आहे, पण ईमेलला एक भारदस्तपणा आहे असं त्यांचं मत. शिवाय माझा कोणता पत्ता चालू आहे याची त्यांना खात्री नसते, म्हणून मी आयुष्यात जिथे जिथे खातं उघडलं त्या सगळ्या पत्त्यांवर ते एकदमच पाठवतात. “मग डिलीट करा ना,” भाचा फोनवर म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाचा सूर्योदय असा कचऱ्यात टाकता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

अटॅचमेंटचा रकाना लवकर भरला. बहुतेकांची मर्यादा २५ एमबीच्या आसपास. त्यातही मेख आहे. मेल ही मुळात मजकुरासाठी केलेली व्यवस्था. चित्र असो की गाणं, पाठवताना त्याची आधी साधी अक्षरं करावी लागतात आणि या सोपस्कारात ते सुमारे एक तृतीयांशाने फुगतं. म्हणजे काकांचा तीन एमबींचा सूर्योदय वाटेत चार एमबींचा होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आनंद झाला असता.

गोपनीयतेच्या रकान्यात मात्र मी रमलो. जीमेल २०१७ पर्यंत जाहिराती ठरवण्यासाठी मेलमधला मजकूर यंत्राकरवी चाळत असे, मग गूगलने ते थांबवलं. हे वाचून वाटलं, माझे मेल कोणीतरी पूर्ण वाचत होतं! माणसाने आजवर तेवढं केलेलं नाही. मी पाठवलेल्या चार प्रश्नांच्या मेलला लोक पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देतात. असा एकनिष्ठ वाचक गेल्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

ज्यांना वाटत नाही त्यांच्यासाठी प्रोटॉन मेल आहे. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ते आणलं. तिथली पेटी अशी कुलूपबंद असते की खुद्द कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. जर्मनीची टुटा त्याच पंथातली. मी भारावून गेलो आणि मग बारीक अक्षरं वाचली : पासवर्ड विसरलात आणि आधी दिलेला पुनर्प्राप्तीचा मजकूर जपून ठेवला नसेल, तर नवा पासवर्ड मिळतो, पण जुने मेल तुम्हालाही वाचता येत नाहीत. म्हणजे माझी गुपितं सगळ्या जगापासून सुरक्षित आणि त्या जगात मीही आलो. शिवाय हे कुलूप दोन्ही टोकांना लागतं. समोरचा साध्या जीमेलवर असेल, आणि माझ्या ओळखीतले सगळे तिथेच आहेत, तर त्याच्याकडची प्रत नेहमीसारखीच पडून राहते. वेगळा पासवर्ड लावून पाठवायची सोय आहे, पण तो पासवर्ड त्याला कळवायचा कसा? मेलने? फुकट खात्यातून दिवसाला १५० मेल पाठवता येतात, अशीही अट आहे. दिवसाला १५० मेल पाठवण्याइतकं माझं कोणीच ऐकत नाही.

झोहोही पाहिलं. ५ जीबी, जाहिराती नाहीत, नीटनेटकं. खोट सापडेना, त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

‘इतर सोयी’ या रकान्यात भाच्याने काय अपेक्षिलं होतं कोण जाणे. जीमेलमध्ये फोल्डर नसून लेबलं असतात. एकच मेल ‘घर’, ‘कर’ आणि ‘तातडीचं’ अशा तिन्ही लेबलांखाली दिसतो. एकच शर्ट तीन कपाटांत दिसावा, तसं. हे फार सोयीचं आहे असं म्हणतात. माझा अनुभव असा की पूर्वी वस्तू एका ठिकाणी सापडायची नाही, आता ती तीन ठिकाणी सापडत नाही. आउटलुकमध्ये ‘स्वीप’ नावाची झाडू आहे. एका पत्त्यावरून आलेले सगळे मेल एका फटक्यात साफ. मी ती काकांवर धरली आणि परत खाली ठेवली. सगळ्यात उदात्त सोय म्हणजे पाठवलेला मेल मागे घेणं. जीमेल त्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद देतं. खरं तर मेल परत वगैरे येत नाही, तो तेवढा वेळ दाराशी थांबवून ठेवलेला असतो. रागाच्या भरात लिहिलेल्या मेलचा पश्चात्ताप ३० सेकंदांत होणाऱ्या माणसाने तो लिहिलाच नसता. मला पश्चात्ताप दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, साधारण सूर्योदयाच्या सुमारास.

सगळे रकाने भरले. आता निवड. आणि तिथे कळलं की ज्या गोष्टीवर सगळं अडतं तिचा रकानाच भाच्याने आखलेला नाही. फोन नंबर कंपनी बदलली तरी बरोबर नेता येतो, बऱ्याच देशांत तशी सोय आहे. ईमेलचा पत्ता नेता येत नाही. त्याच्या शेपटीला कंपनीचं नाव चिकटलेलं असतं. जागा, जाहिराती, लेबलं यांची तुलना हवी तेवढी करावी. बँक, विमा, वीज, रेल्वे, चश्म्याचं दुकान, शाळेतले मित्र हे सगळे जुन्या पत्त्यावर उभे असतात आणि त्यांना उठवून नव्या जागी बसवणं हे कुठल्याच कंपनीच्या सोयींत नाही. फुकट काय ते एवढंच, की आत जायला पैसे पडत नाहीत.

“जुना पत्ता सोडूही नका पण,” भाच्याने आणखी घाबरवलं. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं चक्क दुसऱ्यांना वाटली होती आणि नव्या मालकांना जुन्या मालकांचे मेल येऊ लागले होते. गूगलही दोन वर्षं न उघडलेली खाती २०२३ च्या डिसेंबरपासून पुसतं. ते निदान नाव दुसऱ्याला देत नाही.

तरी मी नवं खातं उघडलं. कुठे ते सांगत नाही, उगाच कोणाची तरी जाहिरात होईल. माझं नाव अर्थातच आधी कोणीतरी घेतलेलं होतं. आडनाव आधी घातलं, मध्ये टिंब दिलं, जन्मसाल जोडलं. माझ्याच नावाची, माझ्याच वयाची इतकी माणसं जगात असतील तर आजवर एकही भेटली कशी नाही? मग मी यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी सिग्नल असलेले चौकोन ओळखायचे होते. सिग्नलचा खांब हा सिग्नलचा भाग आहे का, हा प्रश्न यंत्राला पडला नसता. मला पडला.

शेवटी विचारणा झाली : पासवर्ड विसरलात तर कोणत्या पत्त्यावर कळवायचं? मी जुना पत्ता दिला. म्हणजे जुनं खातं बंद करायचं म्हणून नवं उघडलं आणि नव्याला आधार जुन्याचाच. ती गाठ सोडवायला जुन्या खात्यात भाच्याच्या लॅपटॉपवरून शिरलो, तर तिथे संशय घेतला गेला. तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? तुमच्या आधाराच्या पत्त्यावर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो इथे लिहा.

तो पत्ता त्याहूनही जुना निघाला. ज्या सेवेवर तो होता तिचं नाव मी घेत नाही. त्या काळात पत्त्यात स्वतःचं खरं नाव घालणं अरसिकपणाचं समजलं जाई, त्यामुळे पत्ताही इथे देण्यासारखा नाही. तिथे माझा पासवर्ड चालेना. भाच्याने थोडी खटपट केली आणि जाहीर केलं, “मामा, हे आता दुसऱ्या कोणाचं तरी आहे.”

म्हणून मी माझ्याच जुन्या पत्त्यावर त्या अनोळखी माणसाला अदबीने मेल लिहिला. तुम्ही जे कोणी असाल त्यांना नमस्कार. आपल्याकडे आज सहा आकडी कोड आला असल्यास कृपया कळवावा.

उत्तर लगेच आलं. “नमस्कार. कोड आला आहे. परंतु त्याखाली ‘हा कोड कोणालाही सांगू नये’ असं ठळक अक्षरांत लिहिलं असल्याने नाइलाज आहे. दुसरं म्हणजे, आपले काका मला रोज सकाळी सुविचार पाठवतात. माझी जागा संपत आली आहे. त्यांना आपला नवा पत्ता कळवावा, ही विनंती.”

काकांना मी अजून कळवलेलं नाही.