टॉमी, ग्रेव्ही आणि हिरोला

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती रणधुमाळी चालली होती. मग राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या पिल्लांना मराठी नावं हवीत अशी मागणी आली, त्यावरूनही काका आणि आतेभाऊ एकमेकांवर घसरले. या बागेचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे आणि लोकांच्या तोंडातली ‘राणी’ म्हणजे व्हिक्टोरिया, याची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही. नैरोबीत बसून मी हे सगळं वाचते आणि गप्प राहते, कारण मला दोघांचंही थोडंथोडं पटतं.

केनियाने साहेबाची नावं पुसली नाहीत असं नाही. डेलामेअर ॲव्हेन्यूचा केन्याटा ॲव्हेन्यू झाला, १९७५मध्ये रुडॉल्फ सरोवराचं तुर्काना झालं. थॉमसन्स फॉल्स गावाला आता न्याहुरुरु म्हणतात, तिथला धबधबा मात्र अजून थॉमसनचाच. प्राण्यांच्या नावांकडे फारसं कुणी वळलेलं दिसत नाही.

हा जोसेफ थॉमसन स्कॉटलंडचा. १८८३मध्ये, जेमतेम पंचविशीत, लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने पाठवल्यावरून तो मसाई मुलुखातून गेला. धबधबा दिसला, त्याला वडिलांचं नाव देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी एका चिमुकल्या हरणाला लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलं. या हरणाच्या कुशीवर काळा पट्टा असतो आणि शेपटी सदा हलत असते. सफारीचे ड्रायव्हर त्याला लाडाने ‘टॉमी’ म्हणतात, आणि स्वाहिलीतही आता ते ‘स्वाला टोमी’ आहे. आई आली होती तेव्हा मसाई मारात ड्रायव्हर “टॉमी, टॉमी” म्हणून बोट दाखवत होता आणि ती गाडीतून वाकून कुत्रा शोधत होती. तिची काय चूक? आपल्याकडे गल्लीगल्लीत एक टॉमी असतोच.

थॉमसन निदान इथे पायी फिरला तरी. ज्यूल ग्रेव्हीने काय केलं? १८८२मध्ये शेवाचा राजा मेनेलिक, जो पुढे इथिओपियाचा सम्राट झाला, त्याने फ्रान्सच्या या राष्ट्राध्यक्षाला एक झेब्रा भेट पाठवला. पॅरिसच्या एमिल उस्तालेने तो तपासला, वेगळी जात आहे हे ओळखलं आणि नाव दिलं भेट घेणाऱ्याचं. पाठवणारा कुठेच नाही. पुढे ग्रेव्हीच्या जावयाने सरकारी सन्मानपदकं विकल्याची भानगड बाहेर आली आणि १८८७मध्ये सासऱ्याला खुर्ची सोडावी लागली. झेब्र्याच्या पाठीवरून तो उतरला नाही तो नाहीच.

हा झेब्रा जवळून पाहण्यासारखा आहे. पट्टे बारीक आणि दाट, पोट पांढरंशुभ्र, कान मोठे नि गोल. आता जेमतेम तीनेक हजार उरलेत, बहुतेक उत्तर केनियात. २०१६पासून तिथे अधूनमधून त्यांची लोकगणना होते. शाळकरी मुलं, गुराखी, आमच्यासारखे हौशी असे सगळे कॅमेरे घेऊन फिरतात. फोटो उजव्या कुशीचाच काढायचा अशी सक्त ताकीद असते, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे आणि त्यांवरून संगणक जनावर ओळखतो. तिथल्या एका सांबुरू तरुणाला मी ग्रेव्हीबद्दल छेडलं. नावाचा त्याला काही राग नव्हता. त्याला विहिरीच्या पाण्याची चिंता होती, गुरं आधी की झेब्रे आधी.

म्हणजे नावाने काही बिघडत नाही? इतकं सोपं मला वाटत नाही. ज्या साहेबांची नावं प्राण्यांना लागली, त्यांच्याच काळात परवाना काढून हत्ती मारणारा तो शिकारी आणि विषारी बाणाने मारणारा स्थानिक माणूस तो चोर, असा कायदा आला. त्या व्यवहाराची सही या नावांत राहिली आहे. सोमालियाच्या सीमेलगत एक कुरंग आहे, दोन्ही डोळ्यांना जोडणारी पांढरी रेघ असलेलं. १८८८च्या सुमारास हंटर नावाच्याच एका शिकाऱ्याने टाना नदीकाठी ते टिपलं आणि ते हंटरचं कुरंग झालं. शास्त्रीय नावात तो अजून आहे. बोलण्यात मात्र आज सगळे ‘हिरोला’ म्हणतात, आणि गारिसा भागातल्या सोमाली गुराख्यांनी इशाकबिनी इथे त्याच्यासाठी स्वतःची जमीन राखून ठेवली आहे. काही शेच उरलेत. इथे राजपत्र निघालं नाही की पाटी बदलायचा समारंभ झाला नाही. मला बदल असा आवडतो.

आपल्या कुनोत उलटं झालं. २०२२मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आणले आणि त्यांना ज्वाला, पवन, गौरव अशी नावं दिली. हौस म्हणून ठीक. पण इथल्या इंग्रजीत ‘चीता’ हा शब्द हिंदुस्थानातूनच आला, आणि कोल्हापूर दरबारानेही शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. या देवघेवीबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही, सगळी चर्चा बारशाची.

एका नावावर मात्र माझी तडजोड नाही. आफ्रिकी रानम्हशीचं शास्त्रीय नाव ‘सिन्सेरस काफर’. दक्षिण आफ्रिकेत हा शब्द काळ्या माणसाच्या तोंडावर फेकलेली शिवी होती, आजही आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये माद्रिदला मतदान घेऊन दोनशेहून जास्त नावांतला ‘काफ्रा’ बदलून ‘आफ्रा’ करायचं ठरवलं. प्राणिशास्त्राच्या नामकरण आयोगाने मात्र २०२३मध्येच असल्या कारणांसाठी नावं बदलणार नाही असं सांगून टाकलंय. त्यांचं म्हणणं नावं स्थिर राहायला हवीत. मग एका अक्षराच्या फरकाने झाडं थोडीच हरवली? प्राणिशास्त्रज्ञांनीही रानम्हशीचं हे नाव बदलायलाच हवं. आणि पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांना गोव्यात त्याच शब्दावरून ‘खापरी’ म्हणायचे, तेव्हा ग्रुपवर पुढचा वाद पेटेल त्या दिवशी मी हाही विषय काढणार आहे.