खुलासा : कुत्र्या-मांजरांना ‘पाच थेंब सीबीडी’

नाशिकमध्ये गंगापूर रोड, सिडकोकडच्या प्राणीपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : कुत्र्या-मांजराच्या जेवणात रोज पाच थेंब सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) टाका, सांधेदुखी आणि फिट जाते, गोळ्या बंद करा. हे चुकीचं आहे.

मुळात ‘पाच थेंब’ हे मापच नाही. ३० मिलीच्या बाटलीत १००० मिलीग्रॅम सीबीडी असेल तर पाच थेंबांत साधारण ८ मिलीग्रॅम येतं. ३००० असेल तर २५. कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या २०१८च्या अमेरिकन चाचणीत किलोमागे २ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा दिलं होतं. त्यात वेदना कमी झाल्या, पण यकृताचं एएलपी हे एन्झाइमही वाढलं. मांजरांवर अभ्यास फार थोडा आहे, तेव्हा कुत्र्याचा डोस त्यांना लावू नका.

फिटची गोळी अचानक थांबवणं सगळ्यात घातक. फिट एकामागोमाग येत राहतात, जीव जाऊ शकतो. गोळी चालू ठेवून तेल दिलं, तरी सीबीडी आणि फिटच्या काही गोळ्या यकृतातच मोडतात, त्यामुळे एकमेकांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा आणि रक्ततपासणी करून घ्या.

नुसतं ‘हेम्प सीड ऑइल’ लिहिलेलं असेल तर ते भांगेच्या बियांचं तेल, त्यात सीबीडी जवळपास नसतं. माणसांसाठीच्या बाटलीत टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) आहे का तेही बघा. झायलिटॉल कुत्र्याला विषारी. तेल दिल्यावर कुत्रा झोकांड्या खातोय, लघवी ठिबकतेय, हात पुढे केला की दचकतोय, असं दिसलं तर उलटी करवायला मीठ-पाणी पाजू नका. बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा.