हिशेब न ठेवता लेखक कसे व्हावे

नोकरीला रामराम ठोकून माहितीपर लेखन करायचं आणि जोडीला दोन ठिकाणी शिकवायचं, असं ठरलं असेल तर सगळ्यात आधी भागाकार विसरा. बेरीज, गुणाकार चालेल, त्यात स्वप्नं रंगवता येतात. पण मिळालेल्या पैशाला लागलेल्या तासांनी भागायची खोड असलेला माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही.

सुरुवात संपादकांना पत्र पाठवण्यापासून. त्यात 'मला पाणीटंचाईवर लिहायचं आहे' एवढं एकच वाक्य पुरे. हा नुसता विषय झाला, लेख नव्हे, अशी कुरकुर काही संपादक करतात. काय घडलंय, ते आत्ताच का छापायचं, कोण कोण बोलायला तयार आहे, किती शब्द होतील आणि हे तुम्हीच का लिहावं, एवढं अडीचशे-तीनशे शब्दांत त्यांना हवं असतं. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. एकच मेल चाळीस जणांना पाठवा आणि सगळे पत्ते सगळ्यांना दिसतील असे ठेवा. आपण कितवे आहोत हे संपादकांनाही कळलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. दोन आठवडे थांबून दोन ओळींची आठवण पाठवणं हे भित्र्या लोकांचं काम.

चुकून होकार आलाच, तर 'लिहा ना, बघू' या शब्दांवर समाधान मानून कामाला लागा. 'लिहा' आणि 'बघू' यांतला कुठला शब्द खरा, हे विचारू नका. शब्दमर्यादा किती, मुदत कधी, मानधन किती, फेरलेखन किती वेळा, लेख रद्द झाला तर काय, असले प्रश्न तोंडातून बाहेर पडले की वातावरण बिघडतं. सगळ्यात असभ्य प्रश्न म्हणजे पैसे लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापून आल्यावर? दोन्हींत फरक तो काय? फक्त एवढाच, की दुसऱ्या प्रकारात तुमचा लेख आठ महिने संपादकाच्या फोल्डरमध्ये पडून राहतो आणि मग 'आता विषय शिळा झाला' म्हणून परत येतो. अशा वेळी ठरलेल्या रकमेचा काही हिस्सा, कुठे पाव तर कुठे निम्मा, लेखकाला देण्याची पद्धत आहे. तिला किल फी म्हणतात. ती आधी लेखी ठरलेली असेल तरच मिळते, म्हणून ठरवूच नका.

आता खरं काम. समजा लेख २,००० शब्दांचा आहे आणि त्यासाठी पाच जणांच्या तासा-तासाच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. एका तासाचं ध्वनिमुद्रण ऐकून हाताने उतरवायला साधारण चार तास लागतात. म्हणजे पाच अधिक वीस, पंचवीस तास गेले आणि लेखाचं पहिलं वाक्य अजून कागदावर यायचं आहे. (मानधन शब्दांवर मिळतं. जे शब्द तुम्ही ऐकले, उतरवले आणि गाळले, त्यांचा त्यात समावेश नाही.) यावर उपाय म्हणून यंत्राकडून उतरवून घ्या. काही मिनिटांत मजकूर हातात येतो आणि वाचायलाही झकास असतो. मात्र तो ध्वनिमुद्रणाशी ताडून बघायच्या फंदात पडू नका. बोलणाऱ्याने वाक्याच्या शेवटी आवाज पाडून म्हटलेला 'नाही' यंत्राला ऐकू आलेला नसतो. 'ही परवानगी आम्ही दिलेली नाही' याचं 'ही परवानगी आम्ही दिलेली' झालं, तर तुमचा लेख एकदम खळबळजनक होतो. मग लोक वाचतात, वकीलही वाचतात.

'हे छापू नका' हा विषयही असाच. त्याच्या अटी मुलाखत सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात, असं जुने लोक सांगतात. तुम्ही शेवटपर्यंत गप्प राहा. समोरचा सगळं बोलून झाल्यावर 'हे आपल्यातच हं' म्हणाला की अर्धवट हसा. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावावा.

कुठल्या वाक्याला कुठला आधार आहे, याची नोंद समासात ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याकडे मुलाखतीची तारीख असते, अहवालाचं पान असतं, संकेतस्थळावरच्या मजकुराची जतन केलेली प्रतही असते, कारण दुवे मरतात. तुम्ही सगळीकडे 'तज्ज्ञांच्या मते' असं लिहा. छापण्याआधी माहिती तपासणाऱ्याने कोण तज्ज्ञ म्हणून विचारलं तर दुखावल्यासारखं दाखवा. आकडे दुसऱ्या लेखातून उचला. त्या लेखकाने ते तिसऱ्याकडून उचललेले असतात, त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं, आणि एकमत हा मोठाच पुरावा आहे.

करार आला की शेवटचं पान उघडून सही ठोका. मधल्या पानांवर 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असं काहीतरी असतं. त्याऐवजी फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क देता येतो, पण तसं मागायला एक मेल लिहावी लागते. १८८६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये लेखकांच्या हक्कांबद्दल देशादेशांनी करार केला. आज त्यानुसार नोंदणी वगैरे काही न करता लिहिल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो आणि त्याच्या हयातीनंतरही किमान ५० वर्षं टिकतो. तुमच्या एका सहीने तो दुपारच्या आत संपवता येतो. पुढे आणखी एक कलम असेल: कोणी खटला भरला तर सगळा खर्च लेखकाचा. मानधनाला मर्यादा आणि जबाबदारीला नाही, यात एक प्रकारचा तोल आहे. तो बिघडवू नका.

पुस्तकाचा करार असेल तर आगाऊ रक्कम म्हणजे बक्षीस, असं समजून खर्च करा. ती हप्त्यांनी येते: काही सहीनंतर, काही हस्तलिखित दिल्यावर, काही पुस्तक निघाल्यावर. रॉयल्टीतून ती पुरती फिटेपर्यंत पुढे दमडीही मिळत नाही. छायाचित्रांच्या आणि लांब उताऱ्यांच्या परवानग्यांचा खर्च बहुधा लेखकाच्या माथी असतो, ते कलम छोट्या अक्षरात सापडेल. शब्दसूचीही पुष्कळदा तुमच्याच गळ्यात पडते. ती पानं जुळण्याच्या आधीच करून मोकळे व्हा. अंतिम प्रुफांत एक छायाचित्र पुढे सरकलं की सगळे आकडे एका पानाने चुकतात आणि वाचक 'दुष्काळ' शोधायला जाऊन 'दूरध्वनी'वर पोचतो.

बिलावर क्रमांक, तारीख, मुदत, बँकेचा तपशील काही घालू नका. ते लेखा विभागाकडे न पाठवता संपादकाला पाठवा, त्यांना कविता वाचल्याचा आनंद मिळेल. नव्वद दिवसांनी चौकशी केली की कळेल, पुरवठादार म्हणून तुमची नोंदणीच झालेली नाही. फॉर्म भरा. नव्वद दिवस त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

राहिलं शिकवणं. तिथे पैसे वर्गात उभं राहिलेल्या तासांचे. समजा २५ विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचा १,५०० शब्दांचा निबंध. एकाला वीस मिनिटं धरली तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं, एका स्वाध्यायाची. सत्रात असे चार. अनुभवी शिक्षक प्रत्येक निबंधातले दोनच दोष निवडतात, ते नेमके दाखवतात आणि उरलेलं सोडून देतात, कारण दोनांपलीकडे विद्यार्थी वाचत नाही. तुम्ही प्रत्येक स्वल्पविराम दुरुस्त करा आणि समास भरून टाका. विद्यार्थी शेवटचं पान उलटून गुण बघेल आणि निबंध बाकावरच विसरून जाईल.

नोंदणी कमी झाली म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आठवडाभर आधी रद्द होऊ शकतो. तेव्हा बाराही आठवड्यांची तयारी महिनाभर आधीच करून ठेवा. तयारीचे पैसे नसतात, त्यामुळे वर्ग रद्द झाला तरी नुकसान शून्य, असं म्हणता येतं. सगळ्यात भरवशाचा वर्ग म्हणजे 'मुक्त लेखनातून उपजीविका'. त्याला गर्दी होते आणि लेखनापेक्षा पैसे वेळेवर येतात. पहिले अकरा आठवडे सुरुवात कशी करावी, शैली, निरीक्षण यांवर घालवा. करार, मानधन आणि बिलं बाराव्या आठवड्यात ठेवा, तेव्हा हजेरी तशीही कमी असते.