पोरगा अमेरिकेत ‘कशावर’ आहे, हे कोणी विचारत का नाही?

मुलगी पाहायला पाहुणे येतात. चहा-पोहे होतात. मुलीच्या बापाला मुलाचा पगार डॉलरमध्ये तोंडपाठ असतो, त्याचे रुपये किती होतात तेही पाठ असतं. गावाकडे वावर किती एकर, त्यात ओलिताचं किती, भाऊ किती, बहिणींची लग्नं झाली का, सगळं विचारून झालेलं असतं. सोयरीक करताना शेजारच्या तालुक्यातला सात-बारा काढून पाहणारी माणसं आपण! आणि त्याच मुलाला ‘बाबू, तू तिथं कोणत्या कागदावर राहतोस?’ हे विचारायला कोणाची जीभ रेटत नाही. ‘पोरगं अमेरिकेत हाय’ एवढ्या एका वाक्यावर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकतं.

अमेरिकेत आहे म्हणजे काय? तिथला नागरिक आहे, ग्रीन कार्डवाला म्हणजे कायम राहायची परवानगी असलेला आहे, एच-वन-बी या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करतो, की एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकतो? या चार उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लग्न झाल्यावर मग लोक विचारत फिरतात, ‘हिच्यासाठी कोणता व्हिसा चांगला?’ दुकानात साडी निवडावी तसं. अरे, व्हिसा तुम्ही निवडतच नाही! मुलाचा कागद आणि लग्नाची तारीख, या दोन गोष्टी तो ठरवतात. आणि या दोन्ही गोष्टी लग्नाआधी तुमच्या हातात असतात, लग्नानंतर नाही.

मुलगा नागरिक असेल तर रस्ता सरळ आहे. तो तिथून आय-130, म्हणजे बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज, भरतो. नागरिकाच्या बायकोला वर्षाच्या कोट्याची मर्यादा नाही, म्हणून रांगेत नंबर लागायची भानगड नाही. लागतो तो कागद पुढे सरकायचा वेळ, वर्ष तरी धरा, जास्तही लागतो. अमेरिकेत पाय ठेवला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-1 व्हिसा, झालेली असतील तर आयआर-1. सीआर-1 वर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि अटीचं, आयआर-1 वर दहा वर्षांचं. हे दोन वेगळे अर्ज नाहीत. ‘आम्ही तुम्हाला आयआर-1 काढून देतो, त्याचे वेगळे पैसे’ असं सांगणारा माणूस तुम्हाला लुटतो आहे, त्याच्या टेबलावरून सरळ उठा. व्हिसावर सीआर-1 छापलेलं असलं आणि विमानातून उतरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असली, तर तिथल्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-1 करून घेता येतं. त्यामुळे दोन वर्षांना आठ-दहा दिवस कमी असतील आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट पुढे ढकला. फुकटात होणारं काम आहे.

मुलगा एच-वन-बीवर असेल तर बायकोला एच-4. हा लवकर मिळतो, म्हणून घरचे खूश. पण हा कायम राहण्याचा व्हिसाच नाही. त्याच्या नोकरीला लटकलेली चिठ्ठी आहे ती. त्याची नोकरी गेली की साधारण साठ दिवसांची सवलत, तेवढ्यात दुसरी कंपनी सापडली नाही तर दोघांनी सामान बांधायचं. एच-4 वर काम करता येत नाही. 2015 पासून काहींना परवानगी मिळते, पण मुख्यतः त्यांनाच, ज्यांच्या नवऱ्याचा आय-140, म्हणजे त्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला अर्ज, मंजूर झालेला आहे. आता सांगा, लग्न ठरवताना ‘तुमचा आय-140 झाला का?’ असं विचारणारा एक तरी मामा पाहिला आहे का? बी. एस्सी. नर्सिंग, इंजिनिअरिंग केलेल्या मुली आहेत आपल्याकडच्या. बापानं कापसाच्या चुकाऱ्यातून फी भरली. ती मुलगी तिकडे बंद घरात, हातात स्वतःचा एक डॉलर नाही, आणि इकडे सगळे म्हणतात ‘नशीब काढलं पोरीनं’. एफ-वनवाल्याच्या बायकोला एफ-2, त्यावर नोकरी अजिबात नाही आणि पूर्णवेळ पदवीही नाही.

आणि सगळ्यात जास्त संताप येतो तो ग्रीन कार्डच्या तारखेवरून.

नीट वाचा. एच-वन-बीवर असलेल्या मुलाचं ग्रीन कार्ड जवळ आलं आहे. त्याचं ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या आधी लग्न झालं, तर बायको त्याच्याच अर्जात, त्याच्याच मागे, त्याच्याच नंबरावर जाऊ शकते. मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालं, तर ती त्या अर्जातून बाहेर. मग त्यानं तिच्यासाठी नवा आय-130 भरायचा, तो एफ-2-ए नावाच्या, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायका-मुलांच्या वर्गात जातो, आणि त्या वर्गाला वर्षाचा कोटा आहे, रांग आहे, नंबर कुठवर आला ते पाहायला दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडत बसायचं. तोपर्यंत एच-4 वर जाऊ म्हणाल तर तेही नाही, कारण ग्रीन कार्ड मिळालं की मुलगा एच-वन-बीवर राहिलेलाच नसतो. नवरा तिथे, बायको इथे, आणि मध्ये वर्षं.

हे कशानं होतं? ‘आता मुहूर्त नाही, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग पाहू.’ ‘सोयाबीन निघू द्या, हातात पैसा आल्यावर धडाक्यात करू.’ सहा महिन्यांनी लग्न पुढे जातं आणि मधल्या एखाद्या मंगळवारी तिकडे कार्ड मंजूर होतं. मुलाला हे माहीत नसतं असं नाही! त्याच्या वकिलानं सांगितलेलं असतं. पण आईसमोर तोंड उघडत नाही. लग्न साधं करा, कोर्टात करा, पण त्या तारखेच्या आधी करा. मांडव नंतर घाला ना, कोण अडवतं?

कोर्टात म्हटलं तर तिथेही घाई नडते. विशेष विवाह कायदा 1954 चा. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला असावा लागतो, नोटिशीनंतर हरकतीसाठी 30 दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे, तीन साक्षीदारांसमोर. मुलगा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो आणि तेराव्या दिवशी विचारतो, ‘कोर्ट मॅरेज उद्या होईल का?’ नाही होणार. मुलीच्या जिल्ह्यात, मुलगी तिथेच राहते म्हणून, नोटीस आधीच लावून ठेवायला हवी होती. दुसरी वाट काढतात ती आणखी वाईट: विधी काहीच न करता ग्रामपंचायतीतून नोंदणीचा दाखला आणायचा, ‘फक्त कागदासाठी’. हिंदू विवाह कायद्याखाली, आणि त्यात आपले बौद्ध बांधवही येतात, आपल्या रीतीनं विधी झाल्याशिवाय नुसत्या दाखल्यानं लग्न होत नाही. सुप्रीम कोर्टानं 2024 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. वीस माणसांत, घराच्या अंगणात, विहारात विधी करा, फोटो काढा आणि मग नोंदणी करा.

आता साक्षगंध. नागरिक मुलाच्या होणाऱ्या बायकोसाठी के-1 व्हिसा आहे, तिकडे जाऊन 90 दिवसांत त्याच्याशीच लग्न करायचं. एजंट सांगतो ‘हा लवकर होते बाप्पा’. पण के-1 ला अट आहे की लग्न झालेलं नसावं. आणि आपल्याकडचं साक्षगंध म्हणजे? दोनशे माणसं, स्टेज, मागे फुलांची भिंत, दोघांच्या गळ्यात हार, मुलीच्या अंगावर शालू, कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता टाकणारे हात. हा फोटो अर्जाला जोडून पाठवतात! तिथल्या अधिकाऱ्यानं तो पाहून ‘यांचं लग्न झालेलं दिसतं’ असं म्हटलं तर त्याची काय चूक? के-1 हवाच असेल तर अंगठीपुरता साधा कार्यक्रम करा. आणि के-1 नं तिथे उतरल्यावर पुन्हा ग्रीन कार्डचा अर्ज, आय-485, फी 1,440 डॉलर, कामाच्या परवान्याची वेगळी वाट पाहणं. सीआर-1 वाली मुलगी उतरल्या दिवसापासून काम करू शकते. म्हणून इथं रीतीनं लग्न लावणार असाल तर के-1 चं नावही काढू नका.

आणि तो सल्ला, जो पानठेल्यापासून तालुक्याच्या ‘कन्सल्टन्सी’पर्यंत सगळे फुकट वाटतात: ‘टुरिस्टवर पाठवा, मग तिकडे पाहू.’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे! पर्यटक व्हिसाच्या डीएस-160 अर्जात विचारतात, लग्न झालं आहे का, नवरा कुठे आहे, तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज भरला आहे का. खरं लिहिलं तर ‘ही परत येणार नाही’ म्हणून नकार मिळण्याची शक्यता दांडगी. खोटं लिहिलं तर त्याहून भयंकर: खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला अशी नोंद झाली की कायमची बंदी, मग खरा आय-130 मंजूर झाला तरी ती आडवी येते आणि माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज भरणारा ऑनलाइनवाला ‘अविवाहित टाकतो, टेन्शन घेऊ नका’ म्हणतो आणि सबमिट दाबतो. सही मुलीची असते. बंदी मुलीवर येते. तो ऑनलाइनवाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा पीक विमा भरत असतो.

कागदांचं तर विचारूच नका. जन्माचा दाखला घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुलीची जन्मनोंद तिच्या आजोळच्या गावात. घरचे आपल्या ग्रामपंचायतीत चकरा मारतात आणि ‘रेकॉर्डच नाही’ म्हणून रडतात. तिकडे आजोळी नोंदवही उघडली तर बापाचं नाव आहे, तारीख आहे, लिंग ‘स्त्री’ आहे, आणि मुलीच्या नावाचा रकाना कोरा. तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, नंतर कोणी गेलं नाही. ते नाव निबंधकाकडे अर्ज करून आधी चढवून घ्या. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळेची टीसी आणि जन्म माहीत असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. हे मुलाखतीच्या आठ दिवस आधी होणारं काम नाही.

नावांचा गोंधळ तर हातानं ओढवून घेतलेला. लग्न झालं की दुसऱ्या आठवड्यात हौसेनं आधारवर सासरचं नाव. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, टीसीवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, ‘खडे’चं ‘खेडे’ झालेलं. काही बदलू नका! लग्नाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव असतं, तेवढा दुवा पुरतो. व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, भाषांतर करणाऱ्यानं दोन्ही भाषा येतात असं लिहून सही दिलेलं. शेतीच्या व्हॅल्युएशनसाठी सी.ए.ला पैसे देऊ नका. मुलाचं उत्पन्न पुरेसं असेल तर तुमचे आठ एकर कोणी विचारत नाही. खर्चाची हमी आय-864 वर मुलगाच देतो, त्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या 125 टक्के हवं, 2025 च्या आकड्यानं दोघांच्या घराला 26,437 डॉलर. त्याचे टॅक्सचे कागद मागा.

वैद्यकीय तपासणी दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, सिव्हिल सर्जनचं फिटनेस सर्टिफिकेट तिथं कागदाचा तुकडा. आणि लपवाछपवी तर करूच नका. आपल्या भागात टीबीचा उपचार कित्येकांनी घेतलेला असतो, मुलीचं लग्न मोडेल म्हणून घरचे ते कार्ड फाडून टाकतात. एक्स-रेत डाग दिसला की थुंकीचं कल्चर लावतात, त्याचा निकाल यायलाच आठ आठवडे. औषधांचं जुनं कार्ड असतं तर पुढचं बोलणं सोपं झालं असतं. मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होते, त्यामुळे तपासणी लवकर करून घ्या. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढून, तपासणी आणि मुलाखत दोन दिवसांत बसवायचा हट्ट धरू नका.

फीचे आकडे उघड आहेत: आय-130 ऑनलाइन 625 डॉलर, पुढे व्हिसाचे 325, हमीपत्राचे 120, कार्डाचे 235. फॉर्म फुकट मिळतो. यावर जो लाखांत मागतो त्याला प्रत्येक रुपया कशाचा ते लिहून मागा.

साक्षगंधाच्या आधी मुलाला कागद मागा. नागरिक असेल तर पासपोर्ट, ग्रीन कार्ड असेल तर त्याच्या दोन्ही बाजू, एच-वन-बी असेल तर आय-797, म्हणजे त्या मंजुरीची सरकारी नोटीस, आणि आय-140 चा मंजुरीचा कागद. ‘पाहुण्यांना वाईट वाटेल’ म्हणता? त्यांनी तुमच्या मुलीची पत्रिका मागितली, रंग पाहिला, उंची विचारली, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का हे कोणी विचारलं?

सीआर-1 वर गेलेल्या मुलीनं कार्ड हातात पडल्याबरोबर दोन्ही बाजूंचा फोटो इकडे बापाला पाठवायचा. कार्ड संपायच्या आधीच्या 90 दिवसांत आय-751, म्हणजे कार्डावरची अट काढायचा अर्ज, भरायचा असतो, दोघांच्या सहीनं. तो भरला नाही तर राहण्याचा हक्क जातो, आणि ‘सही करत नाही, काय करशील?’ ही धमकी इथूनच येते. घटस्फोट झाला असेल किंवा मारहाण होत असेल, तर नवऱ्याच्या सहीशिवाय तिला एकटीला तो अर्ज करता येतो. हे तिला विमानात बसवायच्या आधी सांगा, तिच्या आईसमोर सांगा, आणि कार्डाची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.