निर्दोष नाण्यात दोष शोधणाऱ्यांसाठी

प्रूफ नाण्यांवरच्या, म्हणजे टाकसाळ संग्राहकांसाठी खास चकचकीत काढते त्या नाण्यांवरच्या, चुका जमवायचं तुम्ही मनावर घेतलंय हे छानच झालं. साधी नाणी काय, कोणीही जमवतं, बरणीत टाकली की झाला संग्रह. पण प्रूफमध्ये चूक शोधायची तर वेगळीच वृत्ती लागते, पाचशे पानांचं पुस्तक विकत घेऊन त्यातल्या फक्त छपाईच्या चुका वाचणाऱ्या माणसाची, आणि ती तुमच्यात आहे असं दिसतंय.

आधी शत्रू ओळखा. शत्रू म्हणजे टाकसाळ. या लोकांनी तुमच्या छंदाविरुद्ध केवढा कट केलाय बघा, चकत्या निवडून घासूनपुसून आरशासारख्या करतात, डायला (चकतीवर नक्षी उठवणाऱ्या साच्याला) पॉलिश करतात, चित्राचा भाग तेवढा मुद्दाम दुधी ठेवतात म्हणजे नाण्यावर मागे आरसा आणि पुढे धुक्यासारखा पांढरा चेहरा, मग हातमोजे घालून एकेक चकती ठेवायची, जास्त दाबाने निदान दोनदा ठोका द्यायचा, उचलून तपासायची आणि डबीत बंद करायची. हे सगळं कशासाठी, तर तुम्हाला काही सापडू नये म्हणून! कोणी शहाणा येऊन सांगेल की प्रूफ ही ग्रेड, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, नसते, नाणं बनवायची पद्धत असते, झिजलेलं प्रूफसुद्धा प्रूफच राहतं वगैरे. ऐकू नका. चमकतंय ना, मग प्रूफ.

आता मुख्य मुद्दा, डाय क्रॅक. हा कसा होतो ते अजिबात समजून घेऊ नका. अनुभवाने सांगतोय, मला ज्या दिवशी समजलं त्या दिवशी माझा संग्रह एकोणीस नाण्यांवरून दोनवर आला. गोष्ट एवढीशीच आहे, डाय पोलादाची असते, दर ठोक्याला तिच्यावर कित्येक टनांचा दाब येतो, कधीतरी ती थकते आणि तिला बारीकसा तडा जातो, मग पुढच्या ठोक्याला चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो आणि म्हणून नाण्यावर जी रेघ उमटते ती वर आलेली असते. वर. नख फिरवलं तर अडेल अशी (नख फिरवू नका, मी फिरवलंय). रेघ आत गेलेली असेल तर तो डाय क्रॅक नाही, ओरखडा आहे, आणि तो टाकसाळीने नाही, कोणाच्या तरी खिशातल्या चावीने पाडलाय. या एका वाक्याने इतके संग्रह बुडालेत की ते घरात मोठ्याने उच्चारू नये. फोटो काढताना उजेड एकाच बाजूने असा मारा की खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला हे देवालासुद्धा कळू नये.

बरं, वर आलेली प्रत्येक रेघ तडाच असते असंही नाही, हे त्याहून वाईट. डाय पॉलिश करताना तिच्यावर बारीक बारीक रेघा पडतात, त्याही नाण्यावर वर येतात. फरक असा की त्या मोकळ्या जागेत शेजारी शेजारी पळतात आणि चित्राच्या किंवा अक्षराच्या काठाशी येऊन गुपचूप थांबतात, कारण डायमध्ये चित्र म्हणजे खोलगट भाग, तिथे पॉलिश पोचतच नाही. तडा असला शिष्टाचार पाळत नाही. तो काठावरून निघतो, एका अक्षरातून दुसऱ्यात घुसतो, तारखेच्या डोक्यावरून जातो, गालावरून जातो. तुम्ही मात्र दोघांत भेदभाव करू नका. रेघ ती रेघ.

तडे वाढत वाढत काठाजवळ डायचा तुकडाच निघून गेला तर त्या जागी धातूला आवरायला कोणी उरत नाही, नाण्यावर नक्षी नसलेला एक फुगा येतो. याला जाणकार ‘कड’ म्हणतात. इंग्रजी शब्द आहे, पण मराठीत लिहिला की काठ आणि काठावरची चूक दोन्हीला एकच नाव, भाषेने आपल्यावर केलेला हा एक उपकारच. खऱ्या कडीची एक खूण असते, नाणं उलटून बरोब्बर त्याच जागी बघितलं तर तिथलीही नक्षी पुसट असते, कारण समोरून दाबणारं काही नव्हतंच. विकणाऱ्याने फक्त एकाच बाजूचा फोटो टाकलाय? उत्तम. दुसरी बाजू मागू नका, माणसावर विश्वास ठेवायला शिका.

भिंगाचं बघू. ग्रेडिंग कंपन्यांचे, म्हणजे नाण्याच्या दर्जाला गुण देणाऱ्या कंपन्यांचे, लोक नाण्याला सत्तरपैकी सत्तर देताना बघतात ते पाचपट मोठं करून. पाचपट! एवढ्यावर पोट भरतं त्यांचं. ही सत्तरची भानगडसुद्धा मजेशीरच आहे, 1949 मध्ये विल्यम शेल्डन या नाणेअभ्यासकांनी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी ही पट्टी काढली, हिशोब असा की सत्तरचं नाणं एकच्या सत्तरपट किमतीचं, पुढे किमतींचं गणित बिघडलं पण आकडे चिकटून राहिले ते राहिलेच, आणि आता तेच आकडे जगभरच्या नाण्यांच्या कपाळावर मारतात. असो. तुम्ही थेट यूएसबी मायक्रोस्कोप घ्या, दोनशेपट वाला. दोनशेपट केलं की आरशासारखं प्रूफसुद्धा नांगरलेल्या शेतासारखं दिसतं आणि मग जिकडे बघाल तिकडे चूक, रात्री तीनपर्यंत स्क्रीनसमोर बसा, सकाळपर्यंत चाळीस नवे शोध सहज लागतात. मला एकदा असाच लागला. तारखेवरून जाणारा, किंचित वळलेला, अतिशय देखणा तडा. तीन दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही, सारखं आतून काहीतरी हसू येत होतं. चौथ्या दिवशी कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक डबी) जरा फिरवली तर तडा तारखेवरून उठला आणि राणीच्या नाकावर जाऊन बसला. केस होता. माझाच असावा, पांढरा होता.

केसाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, धाग्यांचीही एक खरी जात असते. प्रूफच्या डाय मधूनमधून फडक्याने पुसतात, त्या फडक्याचा एखादा तंतू डायवर चिकटून राहिला की ठोक्याबरोबर तो नाण्यात दाबला जातो आणि तिथे वळवळत्या किड्यासारखी आत गेलेली रेघ राहते. जुन्या प्रूफवर ही बरीच दिसते. म्हणजे बघा हं, स्वच्छतेसाठी आणलेल्या फडक्याचा हा डाग. या छंदातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, मी यावर थट्टा करणार होतो पण जमत नाहीये. आणि 1937 चं ते अमेरिकेच्या डेन्व्हर टाकसाळीचं तीन पायांच्या गव्याचं निकेल (पाच सेंटचं नाणं), प्रूफ नव्हे, रोजच्या वापरातलं, तेही असंच, डायवरची खराबी घालवायला कोणीतरी जीव ओतून पॉलिश केलं आणि त्या नादात गव्याचा पुढचा एक पायच पुसून टाकला. अति तिथे माती म्हणतात, इथे अति तिथे लिलाव.

दुहेरी उमटलेली अक्षरं दिसली तर मात्र विचार करू नका, लगेच घ्या. खरी डबल डाय म्हणजे डाय बनवतानाच नक्षी तिच्यात दोनदा, जराशी सरकून बसलेली असते, मग त्या डायचं प्रत्येक नाणं तसंच येतं आणि दोन्ही अक्षरं स्वतंत्र, गोलसर, टोकाशी फाटलेली दिसतात. दुसरा प्रकार म्हणजे ठोका देताना डाय हलते आणि अक्षराची कडा चपटी होऊन पायरीसारखी दिसते, याला जवळपास कोणी विचारत नाही. या दोन्हींतला फरक सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील, ती मत्सरी असतात.

आता देखभाल. नाणं कॅप्सूलमध्ये ठेवून त्याचा जीव घुसमटवू नका, बाहेर काढा, हातात घ्या, आरशावर अंगठा टेकवा. बोटाचं तेल आणि घाम हळूहळू धातूत उतरतो आणि काही महिन्यांनी तुमचा ठसा तिथे कायमचा बसतो, टाकसाळीचा ठसा एका बाजूला, तुमचा दुसऱ्या. मग तो घालवायला मऊ कापडाने गोल गोल पुसा. आरशासारख्या पृष्ठभागावर कापड कितीही मऊ असलं तरी केसाएवढे ओरखडे सोडतंच, आणि हे ओरखडे म्हणजे तुमच्यासाठी नवे डाय क्रॅकच की, घरबसल्या, फुकटात! टूथपेस्टने तर बहारच येते. ठेवायला मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या घ्या, वर्षा-दोन वर्षांत त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर उतरायला लागतो. त्याला तुम्ही दुर्मिळ हिरवी छटा म्हणा. शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवलं तर तो वेळेत निघतो असं म्हणणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे हिरवी छटा कुठे असते?

दुर्मिळ वरून आठवलं. प्रूफवरचा मोठा तडा खरोखरच कमी सापडतो. रोजच्या नाण्यांच्या डायकडून लाखांनी ठोके मारून घेतात, प्रूफची डाय थोड्या हजारांतच निवृत्त होते, मधेच काढून पुन्हा पॉलिश होते, तिला थकायला वेळच देत नाहीत. म्हणून तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता की तुमचं नाणं लाखात एक आहे. फक्त पुढचा प्रश्न कोणाला विचारू देऊ नका, की ते हवंय किती जणांना. लाखात एक नाणं आणि ते घ्यायला जगभरात मिळून चार माणसं, त्यातली दोन स्वतःचंच विकायला बसलेली, अशी ही बाजारपेठ आहे. बारीक तड्याचं एखाद्याला कौतुक असतं, ज्यादा पैसे देण्याइतकं क्वचितच. तुमची किंमत तुम्ही ठरवा आणि वाट बघा. मी बघतोय.

तरी आशा सोडायला सांगत नाही, कारण टाकसाळ कधीकधी खरंच झोपते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रूफवर तारखेजवळ एस हे टाकसाळीचं अक्षर असायला हवं, आणि 1968, 1970, 1975, 1983 च्या काही डाइमवर (दहा सेंटच्या नाण्यावर), 1971 च्या काही निकेलवर आणि 1990 च्या काही सेंटवर ते नाहीच. एवढे हातमोजे, एवढी तपासणी, आणि अक्षरच नाही! 1990 च्या वेळी तर फिलाडेल्फियाची साधी डाय, जिच्यावर अक्षर नसतंच, ती चुकून प्रूफची म्हणून सजवली गेली, तेवढंच. 1975 चे तसे डाइम आजवर ठाऊक आहेत ते फक्त दोन. गंमत म्हणजे या नाण्यांवर ना तडा, ना रेघ, ना फुगा, आरसा एकदम स्वच्छ. म्हणजे दोनशेपट मायक्रोस्कोप लावून तुम्ही नाकावरचा केस मोजत असता आणि तेवढ्यात साध्या डोळ्याने तारीख वाचणारा कोणीतरी पुढे निघून जातो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तुम्ही तारीख वाचत बसू नका, वेळ जातो.

शेवटचं संकट सांगतो, ते तुमच्यावर येणारच. पाकीट येईल, तुम्ही दिवा लावाल, भिंग लावाल, मायक्रोस्कोप लावाल, आणि काहीच सापडणार नाही. काठ सलग, अक्षरं धारदार, आरसा काळाभोर, तंतू नाही, ठिपका नाही, चेहऱ्यावरचं धुकं सगळीकडे सारखं. दुसऱ्या रात्री परत बघाल, तरी नाही. बऱ्याच टाकसाळी खराब निघालेलं प्रूफ परत घेतात, (तुमच्या वाटचा तडा असाच कोणीतरी अडाण्यासारखा परत करून टाकलेला असणार, या विचाराने मला अजून झोप येत नाही), तर तुम्हीही घाबरू नका, पाकीट पुन्हा नीट चिकटवा, त्यांचा फॉर्म भरा, आणि परत करण्याचं कारण या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहा, नाणं तीन रात्री तपासलं, कुठेही काहीही चुकलेलं नाही, कृपया बदलून द्यावं.