कॅमेरा तालमीत येऊ दे, निकालात नको

परदेशातून : लुईव्हिल, केंटकी

कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह पाठीला पाठ लावून उभे आहेत. शाहू महाराजांनी १९१२ साली मैदान पुरं केलं आणि १९१५ साली शेजारी पॅलेस थिएटर उभं केलं. तेच आजचं नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृह जळालं तेव्हा मैदानाचं व्यासपीठही त्याच आगीत गेलं, इतकी ही जवळीक. तरी शंभर वर्षांत कुणा कोल्हापूरकराची गल्लत झाली नाही. भिंतीच्या एका बाजूला तिकीट काढून खोटं बघायचं आणि दाद द्यायची. दुसऱ्या बाजूला खरं बघायचं, आणि जोड नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली, निघाली तर संयोजकासकट सगळ्यांचा उद्धार करायचा.

अमेरिकेत ही भिंत नाही. इथल्या व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे आधी लिहिलेलं असतं, आणि १९८९ साली सगळ्यात मोठ्या कंपनीने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ते स्वतःहून कबूल केलं. उपरती झाली म्हणून नव्हे. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आला. करमणूक म्हटलं की सुटका. रिॲलिटी टीव्हीचा विचार करताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो, कारण गावाकडे चाललेल्या वादात तोच हरवलेला दिसतो.

वाद असा. एक बाजू म्हणते, पोरं तालमीऐवजी मोबाईलवर आहेत, तर गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत कॅमेरे लावा, बारा पैलवान एका वाड्यात ठेवा, दर आठवड्याला एकाला घरी पाठवा. बघा कुस्ती घराघरांत कशी पोचते. दुसरी बाजू म्हणते, लंगोटाची अब्रू चव्हाट्यावर मांडाल. पहिली बाजू डब्ल्यूडब्ल्यूईचं उदाहरण देते, दुसरी ‘बिग बॉस’चं. डब्ल्यूडब्ल्यूईतला खली २०१०च्या ‘बिग बॉस’मध्ये दुसरा आला, त्यातून खलीचं नाव झालं, पण त्या जोरावर कुणा आखाड्याच्या मैदानाची चार तिकिटं जास्त खपली असं काही दिसलं नाही. आपला शरीरसौष्ठवपटू संग्राम चौगुले २०२४ मध्ये मराठी ‘बिग बॉस’मध्ये वाइल्ड कार्डने गेला आणि दुखापत घेऊन बाहेर आला. पैलवानाने याची नोंद घ्यावी. टीव्हीच्या घरातल्या एखाद्या फालतू टास्कमध्ये गुडघा दुखावला तर त्याचा अख्खा हंगाम जातो.

लुईव्हिलमधून हा वाद बघायला सोपा जातो, कारण अमेरिकी कुस्तीने टीव्हीशी घातलेला जवळजवळ प्रत्येक डाव या शहरावरून गेला आहे. इथली ‘ओहायो व्हॅली रेसलिंग’ ही छोटी कंपनी २०००च्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूईची तालीमच होती. जॉन सीना, बटिस्टा, रँडी ऑर्टन, ब्रॉक लेस्नर हे सगळे इथून वर गेले. पुढे ती कंपनी अल स्नो या जुन्या पैलवानाकडे आली. हा तोच अल स्नो, जो २००१ साली एमटीव्हीवरच्या ‘टफ इनफ’ या कुस्तीच्या पहिल्या मोठ्या रिॲलिटी शोमध्ये पोरांना शिकवत होता. आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने याच कंपनीवर ‘रेसलर्स’ ही सात भागांची मालिका काढली. एकाच माणसाने हा धंदा बावीस वर्षांच्या अंतराने दोन्ही टोकांनी पाहिला.

‘टफ इनफ’ने एक गोष्ट प्रामाणिकपणे दाखवली: खोट्या कुस्तीतही पडणं खरं असतं. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, वर फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि ताणून बांधलेलं कॅनव्हास. मोठ्या कंपनीची रिंग २० फुटी, लहानांची बहुधा १६ किंवा १८. नव्या पोराला आधी फक्त पाठीवर पडायला शिकवतात. हनुवटी छातीला चिकटलेली, श्वास सोडलेला, हात अंगापासून साधारण ४५ अंशांत तळव्यांसकट आपटायचे, भार पाठीच्या वरच्या भागावर. हनुवटी सुटली की डोकं मागे फटकतं आणि मेंदूला मार बसतो. घाबरून हात मागे टेकवला की मनगट तरी जातं नाहीतर कोपर. आपल्या पैलवानाला हे पाहून हसू येईल, कारण पाठ टेकवायची नाही हेच तो जन्मभर शिकलेला असतो. पडता पडता तो मानेवर पूल करतो नाहीतर पोटावर वळतो. कुस्तीगीर डब्ल्यूडब्ल्यूईत गेला की पहिली अडचण हीच येते.

शिकवणं दाखवलं तोवर ठीक होतं. घोळ सुरू झाला तो विजेता निवडण्यापासून. २००४ साली दहा लाख डॉलरच्या कराराचं आमिष लावून डब्ल्यूडब्ल्यूईने हा शो आपल्या नेहमीच्या साप्ताहिक कार्यक्रमातच घुसवला. एका भागात कर्ट अँगलने स्पर्धकांना आव्हान दिलं: या, माझ्याशी लढा. अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा फ्रीस्टाइलमधला सुवर्णपदकविजेता. पुढे आला डॅनियल प्युडर, मिश्र मार्शल आर्ट्स खेळलेला. अँगलने त्याला खाली घेतलं, पण प्युडरने खालूनच त्याचा हात कोपरात दुमडून पाठीमागे पिळला. खांद्याचा सांधा निखळावा असा तो डाव. प्युडरचे खांदे मॅटला लागलेत एवढं निमित्त पंचाला पुरलं. त्याने घाईघाईने तीन मोजले आणि लढत सोडवली. खरी कुस्ती खोट्या आखाड्यात चुकून शिरली तर काय होतं त्याचा हा नमुना आहे: निकाल एकाच्या नावावर आणि हात दुसऱ्याच्या ताब्यात. प्युडरने स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने त्याला नारळ दिला. त्याच स्पर्धेत हरलेला मिझ मात्र टिकला. तो मुळात एमटीव्हीच्याच दुसऱ्या रिॲलिटी शोमधून आलेला, कॅमेऱ्यापुढे कसं बोलायचं ते जाणणारा. २०११च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात, त्याने सीनाविरुद्धची मुख्य लढत जिंकली.

याहून मजेशीर २०१०चं ‘एनएक्सटी’. तेव्हा तो रिॲलिटी शो होता: नवखे पैलवान आणि प्रत्येकाला एक अनुभवी गुरू. जगभरच्या छोट्या रिंगांत दहा वर्षं झिजलेल्या डॅनियल ब्रायनला ‘नवखा’ ठरवलं आणि गुरू म्हणून दिला तोच मिझ. पिंपं उचलायची, अडथळ्यांवरून पळायचं, असल्या परीक्षा. ब्रायन सगळ्यांत आधी बाहेर गेलेल्यांत होता. जाणकार प्रेक्षक तेव्हाच कपाळाला हात लावून बसले होते, आणि चार वर्षांनी रेसलमेनियात विजेतेपद घेऊन उभा होता तो ब्रायनच. २०१५च्या ‘टफ इनफ’मध्ये प्रेक्षकांच्या मतांनी विजेते ठरले, त्या दोघांचाही मोठ्या रिंगणात जम बसला नाही, आणि हरलेल्या मँडी रोझ व सोन्या डेव्हिल पुढे वर्षानुवर्षं दिसत राहिल्या. मतदानाला कुस्ती कळत नाही, एवढंच यातून घ्यायचं. ज्यांचा निकाल मुळातच कागदावर लिहिलेला असतो, त्यांचीही या पद्धतीने फसगत झाली; मग आपलं काय होईल?

आता दुसरा दाखला. कोल्हापूरला खरा उपयोगी हाच आहे. यूएफसी ही पिंजऱ्यातल्या मारामारीची कंपनी २००१ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली होती आणि तोट्यात होती. जानेवारी २००५ मध्ये तिने ‘द अल्टिमेट फायटर’ सुरू केला, आणि त्याची वेळ घेतली डब्ल्यूडब्ल्यूईच्या सोमवारच्या कार्यक्रमानंतर लगेचची. खोटी कुस्ती बघून बसलेला प्रेक्षक आयता मिळाला. पोरं एका घरात राहायची, भांडायची, दारू प्यायची. ते सगळं इतर शोंसारखंच. पण घरातून बाहेर कोण जाणार हे मुख्यतः लढून ठरायचं. घरातल्या लढती प्रदर्शनी धरल्या, त्यांची नोंद अधिकृत कारकिर्दीत होत नव्हती. शेवटची लढत ९ एप्रिल २००५ रोजी थेट आणि फुकट दाखवली. फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर पंधरा मिनिटं एकमेकांना भिडले आणि कंपनीचं नशीब फिरलं. २०१६ मध्ये तीच कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला गेली.

तिथेही पैशावरून कुरबुर झालीच. घरातल्या लढतींचं मानधन नाही म्हटल्यावर पोरं अडून बसली. कंपनीच्या अध्यक्षाने आधी भाषण ठोकलं, मग निकाली लढतीला ५,००० डॉलर द्यायचं मान्य केलं. हा मुद्दा वस्ताद मंडळींनी लक्षात ठेवावा.

लोक या गोष्टीतून ‘शो केला आणि खेळ तरला’ एवढंच उचलतात. तरला तो पुढच्या तारखेमुळे. शेवटची लढत आवडलेल्या माणसाला पुढची कधी, कुठे, कितीला, हे लगेच सांगता येत होतं. कोल्हापुरातल्या एखाद्या शोने उद्या पुण्या-मुंबईतल्या दहा लाख लोकांना कुस्तीचं वेड लावलं, तर त्यांना पुढच्या शनिवारी कुठे पाठवणार? मैदानं गावोगावच्या यात्रेला बांधलेली. तारीख पंचांग आणि यात्रा कमिटी ठरवणार, मोठ्या जोडी आठवडाभर आधी जाहीर होणार, आणि मुख्य कुस्ती संध्याकाळी सातला की रात्री अकराला हे संयोजकालाही ठाऊक नसणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर दोन संघटनांनी दोन ‘महाराष्ट्र केसरी’ घेतल्या, एक फुलगावला, एक धाराशिवला, आणि दोन गदा दोघांच्या खांद्यावर गेल्या. ज्या खेळाला आपला किताब एक ठेवता येत नाही त्याने आधी टीव्हीवर जायची घाई करू नये. कबड्डीकडे बघा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली ती घरातली भांडणं दाखवून नव्हे. चढाईला ३० सेकंद, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’, ठरलेल्या वेळी सामना, ठरलेलं वेळापत्रक. लोक आपोआप बसले.

निकालाच्या बाबतीत कॅमेरा हवाच, उलट आज तो कमी पडतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ या डावाला चार गुण दिले, त्यावर महाराष्ट्रभर रण माजलं. नियम साधा आहे: उभ्याने मारलेल्या डावात समोरचा थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे पाठ मॅटशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात आली, तर चार, नुसतं खाली घेतलं तर दोन. तो कोन एका बाजूच्या कॅमेऱ्यातून दिसत नाही. मॅटच्या दोन लगतच्या बाजूंनी, जमिनीलगत, असे दोन कॅमेरे लागतात, आणि पंचाने ते चित्र प्रेक्षकांना दाखवायचं असतं. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावरून पंचाला लाथ बसली आणि तो काही सेकंदांचा तुकडा देशभर फिरला. कुस्ती कुणी पाहिली? रिॲलिटीवाला संकलक तीच लाथ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दाखवेल. त्याचा पगार त्यासाठीच असतो.

तालमीच्या आत मात्र कॅमेरा जरूर यावा. तिथे दाखवण्यासारखं इतकं आहे की रडारड घुसवायची गरज नाही. पहाटे हौद, म्हणजे आखाड्यातली माती, उकरणारी पोरं. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवणं. माती सुकली की अंग खरवडतं आणि धूळ छातीत जाते, फार ओली झाली की पाय रुततो आणि गुडघा पिळतो. ओल बरोबर आहे का हे वस्ताद मूठ वळून सांगतो. बदाम, खसखस, मिरी घोटून केलेली थंडाई, गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. हजार बैठकांतल्या शेवटच्या शंभर. यातल्या एकेका गोष्टीला पाच मिनिटं दिली तरी भाग भरतो.

अडचणी आहेत, त्या आधी ओळखाव्यात. लंगोटावर कॉलर माइक लागत नाही. घाम आणि मातीने तो तासाभरात मरतो. वरून लांब काठीचा माइक धरावा लागेल, आणि काठी धरणाऱ्याला हौदाच्या कडेला अनवाणी उभं राहावं लागेल, कारण चपला घालून कुणी मातीत जात नाही. पहाटेचा अंधार घालवायला प्रखर दिवे लावले की बारक्या खोलीत उकाडा वाढतो आणि पोरं लवकर दमतात; खिडकीबाहेरून मऊ उजेड द्यावा. आणि ‘तोच डाव पुन्हा मारून दाखव’ असं दिग्दर्शकाने म्हणायचं नाही. सरावातला ढाक हा डाव दमलेल्या अंगाने तिसऱ्यांदा मारताना खालच्याची मान जाते.

बाकी सगळं करारात. हिंदी-मराठी वाहिन्यांचे करार छापील येतात, पण त्यात शाईने खोडता येतं. दर दिवसाचं मानधन आणि हंगामभराचा खुराक वेगळा लिहून घ्यावा. चित्रीकरणात झालेल्या दुखापतीचा खर्च शस्त्रक्रियेपासून पुन्हा मातीत उतरेपर्यंत त्यांनी उचलावा, नुसत्या पहिल्या दवाखान्यापुरता नव्हे. वेगवेगळ्या दिवशीची वाक्यं जोडून एक वाक्य करायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत असावं. मुलाखतीचं संकलन तिथेच घसरतं, आणि मग वस्तादाविरुद्ध पोरगं बोललं असं अख्ख्या गावाला दिसतं. मतदान नाही. आठवड्याला एकाला घरी पाठवणं नाही. जोड वस्ताद लावेल आणि चितपट आखाड्यात होईल. तालमीत कुस्ती हरलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच हौदात त्याच जोडीदाराशी उतरतो, आणि कॅमेरा बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं त्याला तिथेच उतरायचं असतं. हे ज्या निर्मात्याला पटत नसेल, त्याला चहा पाजून मुंबईची गाडी दाखवावी. ज्याला पटेल त्याच्याकडून आधी एकच भाग करून घ्यावा, तोही मैदानाची तारीख, वेळ आणि तिकिटाचा दर छापून झाल्यावर.