पंखा, घाम आणि ‘स्पष्टवक्ता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ते महोदय,

‘माणसाच्या अंगावरचे केस कुठे गेले?’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. (घाम कातडीवरून चटकन उडून अंग गार राहावं म्हणून माणसाची लव गेली, असं त्या लेखात म्हटलं होतं.) ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गाभा तुमच्याच शब्दांत देतो : ‘लेखक गोव्यात पंख्याखाली बसून घामाचे गोडवे गातात. मे महिन्यात भर दुपारी म्हापशाच्या बाजारात तासभर उभे राहा आणि घाम वाळतो का बघा. वाळतच नसेल तर घामासाठी केस गेले ही शुद्ध थाप आहे.’ पुढे घोडा, डोक्यावरचे केस, पाणवानर, ‘पाश्चात्त्यांची री ओढणे’ असं बरंच काही आहे. त्याच्याकडे वळेन, वेळ उरला तर.

जे मान्य करायचं ते आधीच करून टाकतो. शीर्षक थोडं भडक होतं. केस कुठेच गेलेले नाहीत. केसांची मुळं आपल्या अंगावर चिंपांझीइतकीच आहेत, फक्त त्यांतून उगवणारा केस बारीक आणि आखूड झाला. हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलंही आहे, पण तुम्ही तिथवर वाचलं असेल असा माझा आग्रह नाही.

आता पंखा. ‘मला हे पटलं नाही’ असं चार शब्दांत लिहिता आलं असतं. त्याऐवजी माझ्या घरातला पंखा मध्ये आणायची काय गरज होती? मी पेडण्याचा. काजूच्या हंगामात आमच्या बागायतीत बोंडू गोळा करायचे आणि मग भट्टीच्या धगीपाशी लाकडं सारत बसायचं, हे माझं लहानपण. ऐन तरुणपण आखातात गेलं, बांधकामाच्या साइटवर. आधी रियाधला, मग दम्मामला. तुम्ही मला ज्या प्रयोगाचं आव्हान देताय तो मी पगार घेऊन केलेला आहे, आणि म्हापशापेक्षा बऱ्याच कडक हवेत.

रियाध वाळवंटाच्या पोटात आहे. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो आणि तरीही अंगावर घाम दिसत नाही. येतो, पण येताक्षणी उडून जातो. संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. दम्माम समुद्रावर. तिथे पारा थोडा खाली असला तरी शर्ट पिळून काढावा लागायचा, घाम कोपरावरून टपटपत राहायचा, आणि आमच्यातली माणसं चक्कर येऊन पडली ती तिथेच. साहेब मात्र केबिनमधून थर्मामीटर बघून सांगायचा की आज बरं आहे, काम चालू द्या. तेव्हा दमट हवेत घाम वाळत नाही ही बातमी कृपया मला देऊ नका.

कारण सोपं आहे. टपकलेल्या घामाचा उपयोग जवळपास शून्य. उडालेला घामच उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम अंगावरून उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, आणि कष्टाच्या कामात माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर हा सगळा कारखाना बंद पडतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा ३५ वर गेला, तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत नुसता बसून फार तास तग धरू शकणार नाही, असं मानलं जातं. अलीकडच्या चाचण्यांत तर ही मर्यादा त्याहूनही खाली निघाली आहे.

तर म्हापशाबद्दलचं तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर. चुकलंय ते त्यातून काढलेलं अनुमान. नागपूरचा वाळ्याचा कूलर आणून पणजीत लावा. खोलीत चिकचिक होईल, गारवा येणार नाही. म्हणून नागपुरात कूलर ही थाप ठरते का? माणसाचं हे अंग म्हापशात घडलंच नाही. ते घडलं पूर्व आफ्रिकेच्या उघड्या, कोरड्या, तळपत्या माळरानावर. १९८४ साली केनियातल्या तुर्काना सरोवराच्या काठी एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. लांब पाय, सडपातळ बांधा, चालायला-पळायला केलेलं शरीर. त्याच सुमारास पीटर व्हीलर या ब्रिटिश संशोधकाने हिशेब मांडला, की दोन पायांवर उभ्या प्राण्याच्या अंगावर माथ्यावरच्या सूर्याचं ऊन कमी पडतं, त्यामुळे उन्हापासून वाचवणारी लव सोडून देणं त्याला परवडतं. आणि लव गेली की घाम थेट कातडीवरून उडतो. केसाळ जनावराचा घाम बराचसा केसांच्या टोकांशी उडतो आणि कातडीच्या वाट्याला कमी गारवा येतो. आपल्या कातडीत पाणीदार घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी आहेत. चिंपांझीच्या तुलनेत त्यांची दाटी जवळपास दहापट. एवढी यंत्रणा निसर्गाने शोभेसाठी ठेवली असं तुमचं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नावात ‘स्पष्ट’ आहेच.

हे कधी झालं याचाही एक धागा आहे. चिंपांझीच्या केसांखालची कातडी फिकट असते. केस गेले की ती उन्हाला उघडी पडते, आणि काळी कातडी असणं भाग पडतं. कातडीचा रंग ठरवणाऱ्या एका जनुकाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून आफ्रिकेत काळी कातडी निदान १२ लाख वर्षांपूर्वी पक्की झाली होती असा अंदाज निघाला. आपल्या गोव्यातल्या कुशावती नदीकाठी, उसगाळीमळच्या कातळावर बैल आणि हरणं कोरणारे लोक आले तेव्हा त्यांच्या पूर्वजांच्या अंगावरची लव जाऊन लाखो वर्षं लोटली होती. म्हापशाचा बाजार तर फारच अलीकडचा.

जाता जाता : तुमच्या प्रतिक्रियेवर मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ आहे. त्या वेळी तुम्हीही म्हापशाच्या बाजारात उभे नव्हता, असं दिसतं.

मला खरोखर अडचणीत आणायचं असतं तर तुम्ही दुसरंच काही विचारलं असतं. म्हणजे, घामाचं पटलं, पण मग बायकांच्या अंगावर पुरुषांहूनही कमी केस का? शिकारीमागे उन्हात धावणारे पुरुष होते असं धरलं तर उलट दिसायला हवं. डार्विनने नेमकं हेच बघून १८७१ मध्ये म्हटलं होतं, की यात जोडीदार निवडण्याच्या आवडीनिवडीचा हात असावा. उवा-गोचिडांना थारा नको म्हणून केस गेले, असंही २००३ मध्ये ब्रिटनमधल्या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं. मला घाम हेच मुख्य कारण वाटतं, बाकीची जोडीला. पण या बाजूने कुणी भांडलं असतं तर मजा आली असती.

राहिलेलं उरकतो. डोक्यावरचे केस : ऊन सर्वांत जास्त तिथेच पडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गरम होणाऱ्या पुतळ्याला माणसाच्या केसांचे टोप घालून कृत्रिम उन्हात ठेवलं. दाट कुरळ्या केसांखाली डोक्याला ऊन सर्वांत कमी लागलं. झालं समाधान?

घोडा : ‘घोडा केसाळ असून घामाघूम होतो, तो काय मूर्ख आहे?’ असं तुम्ही विचारलंय. मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण या सुरात विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे तपशीलवार उत्तर नसतं. एवढंच सांगतो, की घोड्याच्या घामग्रंथी वेगळ्या आणि त्याच्या घामात केस भिजवणारं साबणासारखं एक प्रथिन असतं. बाकी स्वतंत्र लेखात, माझ्या सोयीने.

पाणवानर : माणूस मधला काही काळ पाण्यात राहिला म्हणून त्याचे केस झडले, हे तुम्हाला ‘जास्त पटतं’. पटू दे. रायबंदरहून फेरीने चोडणला जा आणि मांडवीच्या खाजणात पाणमांजर दिसलं तर त्याच्या अंगाकडे बघा. जन्म पाण्यात जातो आणि लव अशी दाट की कातडी दिसणार नाही. सीलचंही तेच. देवमासा बिनकेसाचा असतो खरा, पण तो कधी किनाऱ्यावर चालत येऊन मासळी विकत नाही.

आणि ‘पाश्चात्त्यांची री’. हा पाणवानर १९६० साली लोकांपुढे आणला तो ॲलिस्टर हार्डी यांनी. ते ऑक्सफर्डला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते.